वळणावर आवळायचा सांधा: नागपूर ते मुरुड

डिसेंबरात मी नागपूरहून नांदेडला, तिथून लातूरला आणि पुढे त्याच जिल्ह्यातल्या मुरुडला जाऊन आलो. सगळा मिळून चार दिवसांचा प्रवास. वय एक्क्याऐंशी, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, त्यामुळे मुलीचा विरोध होता. शेवटी तिनं गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरून दिली आणि "बाबा, फोन तेवढा चालू ठेवा" म्हणाली. त्या बाजूला पाहण्यासारखं काय आहे, असं शेजाऱ्यांनी विचारलं होतं. मी पाहायला नाही, एका माणसाला भेटायला चाललो होतो. पण रस्त्यात जी माणसं भेटली ती नसती तर मी बहुधा अर्ध्यातून परत फिरलो असतो, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहितो आहे.

ज्यांना भेटायचं होतं ते भानुदास मिस्त्री. साठच्या दशकात छत्तीसगडच्या बाजूच्या एका लोकोशेडमध्ये ते फिटर होते आणि मी नवा लागलेला चार्जमन, म्हणजे फिटरांकडून काम करून घेणारा कनिष्ठ पर्यवेक्षक. ते माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे आणि कामात तर कितीतरी मोठे.

आमच्या शेडची शान म्हणजे गॅरट जातीची जोडइंजिनं. साधं वाफेचं इंजिन एका लांब, ताठ सांगाड्यावर बसवलेलं असतं. जितकं मोठं करावं तितकं ते वळणावर अडतं. गॅरटमध्ये ही अडचण वेगळ्या रीतीनं सोडवली होती. मधे बॉयलर आणि ड्रायव्हरची केबिन. त्याच्या पुढे एक इंजिन, मागे एक इंजिन, दोन्हींची चाकं आणि सिलिंडर स्वतंत्र. पुढच्याच्या पाठीवर पाण्याची टाकी, मागच्याच्या पाठीवर कोळसा. दोन्ही टोकं आपापल्या खुंटीवर फिरत, त्यामुळे एवढं लांब धूड घाटातल्या वळणावरून सहज निघून जाई. उलटसुलट कसंही धावे, फिरवून घ्यायची गरज नसे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती बोटीनं सुट्ट्या भागांत आली, इथं जोडली गेली आणि कोळशाच्या गाड्या ओढत म्हातारी झाली. पुढे डिझेल आणि वीज आली, आणि एक-दोन सोडता सगळी भंगारात गेली.

निवृत्त झाल्यावर मी या इंजिनांचा इतिहास सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. इंजिनांची आवड असणाऱ्यांनी ती प्रेमानं वाचली, पत्रं पाठवली. आता तिची दुसरी आवृत्ती निघते आहे. पुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर मी एक खोटी गोष्ट लिहिली होती. ती दुरुस्त केलेला छपाईचा कच्चा मजकूर पिशवीत घालून मी निघालो. छापायच्या आधी तो भानुदास मिस्त्रींनी ऐकावा, एवढीच इच्छा होती. ते नव्वदीला टेकलेले. त्यांच्या मुलाचा फोन नंबर महत्प्रयासानं मिळाला होता. फोनवर तो फक्त "या" म्हणाला होता.

हदगाव

वर्धा, यवतमाळ, उमरखेड मागे पडलं. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात हदगाव येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. सोयाबीन केव्हाच निघालेलं, त्याच्या रानात आता हरभरा. इथवर तर आमच्या विदर्भासारखंच सारं, फक्त बोलणं बदलत गेलं होतं.

हदगावच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी उतरलो. परत येतो तर बस जागेवर नाही. पिशवी आत. या वयात जेवढं धावता येतं तेवढा मी धावलो. प्रत्यक्षात ड्रायव्हरनं दुसऱ्या गाडीला वाट द्यायला बस पलीकडे नेऊन उभी केली होती, पण मला ते कुठून कळणार. पलीकडच्या फलाटावर पन्नाशीची एक बाई माझी पिशवी कमरेवर घेऊन उभी होती. ती माझ्या मागच्या सीटवर बसली होती.

"ओ आजोबा, हिकडं. पिशवी तुमचीच ना ही?"

"माझीच."

"मी कंडक्टरला म्हनलं, म्हातारं खालीच ऱ्हायलं, गाडी हलवू नको. त्यो ऐकंना, मंग म्या पिशवी घेऊन खालीच उतरले. मी खाली म्हनल्यावर त्यो कुठं जातो? लई जड हाय, सोनं हाय का काय हिच्यात?"

"कागद आहेत."

"कागदासाठी असं पळून राहिले? पडले असते म्हंजी?"

बस सुटल्यावर ती माझ्या शेजारीच येऊन बसली. अर्धापूरला बहिणीकडे निघाली होती. कसले कागद, तिनं विचारलं. मी आजवर ही गोष्ट घरातही कुणाजवळ बोललो नव्हतो, आणि त्या अनोळखी बाईला सांगून मोकळा झालो. म्हटलं, एका माणसाबद्दल मी खोटं छापलं होतं, ते दुरुस्त करायला चाललोय.

तिनं विचारलं, "जिवंत हाय का त्यो?"

"आहेत."

"मंग बरंय. न्हाईतर फोटोपुढं काय बोलनार."

अर्धापूरच्या आसपास केळीच्या बागा लागल्या. उतरताना तिनं चार केळी माझ्या मांडीवर ठेवली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

नांदेड

नांदेडला मुक्काम करायचं आधीच ठरलं होतं. सकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. पाणी संथ होतं, पायऱ्यांवर ऊन आलेलं. रिक्षावाला जुन्या वस्तीतला, त्याची जीभ दख्खनी. "चाचा, जरा संभाल के बैठो, रस्ता खराब है," म्हणाला आणि मग मराठीत वळला, "कुठून आलाव तुमी?" आमच्याकडे नागपुरात असं भाषा बदलणं हिंदीच्या अंगानं होतं. इथं त्यात एक जुनी अदब होती.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. पंगतीत बसलो, ताटात वरण आलं, भाजी आली. रोटी वाढणारा माझ्यापुढे येऊन थांबला आणि वाढेना. मी ताट पुढे केलं, तरी तो तसाच उभा. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "दोन्ही हात पसरा, साहेब. रोटी हातात घ्यायची असते." मी हात पसरले. आमच्याकडे पंगतीत पोळी ताटात पडते आणि आपलं लक्ष बोलण्यात असतं. इथं मागितल्यासारखं घ्यावं लागतं. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात मी असे हात पसरून फार कमी वेळा काही घेतलं असेल. रोटी गरम होती.

इथं ते पान एकेचाळीस सांगून टाकतो.

गॅरट इंजिनाचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे वाफेच्या नळाचे सांधे. बॉयलर मधे, इंजिनं दोन टोकांना, आणि टोकं तर वळणावर फिरणार. म्हणून वाफेच्या नळात गोळ्याचे सांधे असत, खांद्याच्या हाडासारखे. वाफ निसटू नये म्हणून त्या गोळ्याभोवती पॅकिंग भरून वरून बोल्ट आवळायचे. इंजिन सरळ रुळावर उभं असताना तो सांधा पूर्ण आवळला तर गोळा त्याच स्थितीत जखडतो आणि पुढे वळणावर पॅकिंग फाटतं. म्हणून भानुदास मिस्त्री सरळ रुळावर सांधा निम्माच आवळत, मग इंजिन शेडमागच्या वळणाच्या लाइनवर नेत आणि उरलेलं तिथं आवळत. वेळ जाई, पण त्यांच्या हातचा सांधा कधी फुटला नाही.

एके दिवशी वळणाच्या लाइनवर राखेचे डबे उभे होते आणि कोळशाच्या गाडीला इंजिन हवं होतं. मी म्हणालो, सरळवरच आवळा आणि सोडा. मिस्त्री नको म्हणाले. मी म्हणालो, जबाबदारी माझी. घाटातल्या वळणावर मागचा सांधा फुटला. तो नळ केबिनच्या फरशीखालून जातो. वाफ फरशीतून वर आली आणि फायरमनचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून खाली भाजले. चौकशीत मी सांगितलं, की काम पद्धतीप्रमाणे झालं असं मिस्त्रींनी मला कळवलं होतं. त्यांचा हुद्दा उतरवून त्यांना फिटरचा खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर केलं. ते नोकरी सोडून गावी गेले.

आणि तीस वर्षांनी पुस्तिकेत मी लिहिलं, की भानुदास नावाच्या मराठवाड्यातल्या एका मिस्त्रीच्या हयगयीमुळे सांधा फुटला, आणि त्यानंतर आम्ही पर्यवेक्षकांनी वळणावर सांधा आवळायची पद्धत घालून दिली. चौकशीत भीतीपोटी खोटं बोललो होतो. पुस्तिका लिहिताना तर मला कुणाचीच भीती नव्हती.

लातूर

लोहा, अहमदपूर करत लातूरला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बालाजी, मिस्त्रींचा मुलगा, स्टँडबाहेर उभा होता. वय साठीच्या आतबाहेर, हात वडिलांसारखेच रुंद. मुरुडला त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार तो पुन्हा गुंडाळून देतो. तो पाया पडला नाही, पण पिशवी लगेच हातातून घेतली.

"आधी नाष्टा करू," म्हणाला. आणि गाड्यावरचा निलंगा राईस मागवला. तिखटजाळ पिवळसर भात, वर कांदा आणि लिंबू. सकाळी भात खायची आम्हा नागपूरकरांना सवय नाही, आमची सकाळ तर्रीपोह्याची. पण दोन घासांत घाम आला आणि भूकही.

बालाजी खात नव्हता. "साहेब, तुमचं पुस्तक माझ्याकडं हाय," तो म्हणाला. "लई वर्सं झाली. लातूरचे एक प्राध्यापक मोटर घेऊन आले दुकानात. म्हणाले, तुमच्या वडिलांचं नाव आलंय ह्याच्यात. मी पेढे आणायला माणूस पाठवला. मग पान उघडलं."

मी चमचा खाली ठेवून विचारलं,

"मिस्त्रींनी वाचलं?"

"न्हाई. दादांना दाखवलंच न्हाई. दुकानात तारेच्या रिळांखाली ठेवलंय. तुम्ही कशाला आलाव ते कळलंय मला. पण एक ऐका. दादा आजबी म्हणत्यात, कागदावर काय का असंना, शेडातल्या माणसांना खरं ठाव होतं. त्येवढ्यावर त्यांचं चाललंय. तुम्हाला माफी मागायची तर आधी सांगावं लागणार, की तुम्ही पुस्तक छापून सगळ्यांना उलटंच सांगितलं. हलकं तुम्हाला वाटंल. झोप त्यांची जाईल."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? मी अडवणार न्हाई. भात खावा, गार होऊन राहिलाय."

त्याच्या जुन्या व्हॅनमध्ये मागे मोटारींचे सांगाडे खडखडत होते, आम्ही मुरुडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी लगडलेली, मधेच उसाचा एखादा हिरवा पट्टा. नागपूरहून निघालो तेव्हा वाटलं होतं, अवघड एवढंच आहे की तोंड उघडायचं. मिस्त्रींकडे गमावण्यासारखं अजून काही उरलं असेल आणि ते माझ्याच हातात असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मुरुड

मुरुड मोठं गाव आहे, बाजारपेठ गजबजलेली. मिस्त्रींचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, स्लॅबचं, पुढे पत्र्याची पडवी. ते पडवीत खुर्चीवर बसले होते. धोतर, अंगात हातानं विणलेला स्वेटर, एका कानात मशीन. मला वाटलं होतं ओळख सांगावी लागेल.

"या चार्जमनसाहेब," ते म्हणाले. "तब्येत उतरली की तुमची. पेन्शन पुरंना का?"

त्यांच्या सूनबाई अनुसयाबाई पाणी घेऊन आल्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणत. "मामा, साहेब म्हणून काय बोलता, दोघं बी रिटायर," त्या म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, "एकदा साहेब म्हनलं की म्हनलं. मोडत न्हाई."

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो आणि आमटी पातळ करतो. इथं ती काळ्या मसाल्याची, घट्ट होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. मिस्त्रींनी दीड खाल्ली आणि मोजून मला सांगितलं.

जेवताना त्यांनी इंजिनांचाच विषय काढला. सुनेनं विचारलं, एवढं लांब इंजिन वळायचं कसं? ते म्हणाले, "दोन बैलगाड्या घे. एक पुढं, एक मागं. दोन्हीवर मिळून एकच लांबलचक लाकूड टाक. आता वळणावर गाड्या वळतात का न्हाई? आन् लाकूड सरळच ऱ्हातं. बॉयलर म्हंजी ते लाकूड." माझ्या पुस्तिकेत हे समजावून द्यायला मी चार पानं आणि दोन आकृत्या खर्च केल्या आहेत.

मग त्यांनी शेडमधल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोण गेलं, कोण कुठं आहे, मी सांगत गेलो. आणि बालाजी म्हणाला होता ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर उच्चारलं. "कागदावर काय का असंना, साहेब. शेडात समद्यांना ठाव होतं." ते खुशीत होते. बालाजी भाकरीकडे बघत होता.

त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं, आणि त्यामागे आता एक चांगलं कारणही होतं. पण चौकशीच्या खोलीतही मिस्त्री असेच माझ्यासमोर बसले होते, आणि मी खरं बोलेन या भरवशावर होते. दुसऱ्यांदा तो भरवसा मोडणं मला जमलं नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, शेडातल्यांना ठाऊक होतं. पण मी पुढे पुस्तक लिहिलं. त्यात तुमचं नाव घालून, चूक तुमची होती असं लिहिलं. आणि वळणावर आवळायची पद्धत आमची म्हणून."

ते म्हणाले, "छापलं?"

"हो."

"लोकांनी वाचलं?"

"पुष्कळांनी."

त्यांनी हात धुतला, काठी घेतली. "कुनी मागं येऊ नका," म्हणाले आणि गल्लीत उतरले.

बालाजी उठून आत गेला. तो माझ्याशी बोलला नाही आणि बोलायला हवं होतं असंही नाही. अनुसयाबाईंनी ताटं उचलली. मला म्हणाल्या, "बसा. च्या ठेवते. मामा रागावले की पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन येतात. लई रागावले तर गिरणीपाशी बसतात." मी विचारलं, तुम्हाला माझा राग आला नाही का? त्या म्हणाल्या, "आला की. पण च्या तर द्यावाच लागंल." दोनदा चहा झाला. त्या दिवशी मिस्त्री गिरणीपाशी बसले असावेत.

परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खुर्चीत बसून दम खाल्ला आणि हाक मारली, "बालाजी, ते पुस्तक आन."

"कोणतं?"

"रिळाखालचं. वर इंजिनाचा फोटो हाय त्यावरून मला दिसलंय ते कवाच. तू लपवून ठिवलंस म्हनल्यावर काहीतरी असंल, म्हणून हात लावला न्हाई."

बालाजी दुकानातून पुस्तिका घेऊन आला. त्याचे डोळे भरले होते. मिस्त्रींनी ती न उघडता माझ्या हातात दिली. "वाचा. मोठ्यानं. आधी जुनं."

मी वाचलं. ऐकायला बालाजी होता, अनुसयाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. एक पान वाचायला किती वेळ लागतो? 'हयगय' हा शब्द मी तोंडातल्या तोंडात उरकला, तर मिस्त्री म्हणाले, "मशीनमधी ऐकू आलं न्हाई. परत." मी परत वाचलं.

मग नवा मजकूर वाचला. मला वाटत होतं हे तरी त्यांना बरं वाटेल. मी त्यात त्यांची थोरवी लिहिली होती.

"थांबा," ते म्हणाले. "'भानुदास मिस्त्रींनी शोधून काढलेली पद्धत.' ह्ये खोटं हाय. मला पोलय्या उस्तादानं शिकवली. तेलुगू मानूस. त्याचं नाव लिवा."

मी लिहिलं.

"'त्यांनी कडाडून विरोध केला.' कुठं केला? दोनदा न्हाई म्हनलो. तिसऱ्यांदा गप बसलो. जेवायची सुट्टी होत आली होती. पाना टाकून उभा ऱ्हायलो असतो तर इंजिन हललं नसतं. त्ये बी लिवा."

"मिस्त्री, चूक माझी होती."

"तुमचीच होती. त्ये तुम्ही लिवलंय. मी माझं सांगून राहिलो."

ते लिहिलं. पुढे वाचलं, "त्यात एका फायरमनचे पाय भाजले."

"एका फायरमनचे?" मिस्त्री म्हणाले. "नाव?"

मला आठवेना. खरोखरच आठवेना. इतकी वर्षं मी ज्या प्रसंगाचा बोजा वाहत होतो, त्यात मला फक्त दोन माणसं दिसत होती, मी आणि मिस्त्री. वाफ कुणाच्या पायांवर गेली ते नाव मी चौकशीनंतर एकदाही उच्चारलं नव्हतं.

जुनं पान ऐकताना मिस्त्रींचा चेहरा जेवढा बदलला नव्हता तेवढा आता बदलला. "बिसाहू," ते म्हणाले. "बिसाहू, साहेब. शेड सोडायच्या आधी आठ दिवस मी दवाखान्यात त्याच्याजवळ बसलो. पुढं त्याला कंदील पुसायच्या खोलीत काम दिलं, लंगडत चालायचा. मला कार्डं पाठवायचा. मग यायची बंद झाली."

मी नाव लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, बोटानं ते नाव शोधलं आणि परत दिला.

"आता छापू?" मी विचारलं.

"छापा. पण जुनं पान काढू नका."

मला कळलं नाही.

"शेडात आपन काय करायचो? मोडलेला भाग काढला की लगेच टाकायचो का? बाकावर ठिवायचा, नवा त्याच्याशेजारी ठिवायचा, मापायचा. कुठं झिजला, कशानं मोडला ते दिसाया पायजे. जुनं फेकून दिलं आन् नवं बसवलं तर पुढच्याला कसं कळनार? दोन्ही छापा. शेजारी शेजारी."

बालाजी म्हणाला, "दादा, तुमची बदनामी परत छापायची?"

"शेजारी खरं असंल की," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी निघालो. अनुसयाबाईंनी हातात गुळाची ढेप दिली, आणि बालाजीनं ती पिशवीत कागदांना लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळली. मिस्त्री पडवीतून उठले नाहीत. माफीचा शब्द त्यांनी काढला नाही, मी मागायचं धाडस केलं नाही. "सावकाश जावा," एवढंच म्हणाले. लातूरला मी व्हॅनमधून उतरलो तेव्हा बालाजी वाकला आणि पाया पडला. मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण तेवढ्यात मला रडू आलं.

त्या हदगावच्या बाईचे, रोटीसाठी हात पसरायला सांगणाऱ्या गृहस्थांचे, राग आलेला असूनही दोनदा चहा देणाऱ्या अनुसयाबाईंचे आभार कुठं मानायचे ते माहीत नाही, म्हणून इथंच मानतो. भानुदास मिस्त्रींचे आभार मानण्याइतका मी मोठा नाही. त्यांनी सांगितलं तेवढं केलं आहे.

नवी आवृत्ती छापून आली. पान चाळीसवर जुना मजकूर आहे, एक अक्षरही न बदलता, आणि वर लिहिलं आहे की हा खोटा आहे आणि मी लिहिलेला आहे. समोर, पान एकेचाळीसवर, मुरुडच्या पडवीत दुरुस्त झालेला मजकूर आहे. दोन्ही पानांवर भानुदास मिस्त्रींचं नाव आहे. बिसाहूचं नाव फक्त उजव्या पानावर सापडेल. डाव्या पानासाठी मला ते कधी हवंच नव्हतं.